भूकंपानंतरच्या 'ड्रेनेज'ला मराठीत काय म्हणावं?

मुळाकाठ: १८१९च्या कच्छ भूकंपावरचा लेख मराठीत आणतेय. १६ जूनच्या धक्क्यात रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा पट्टा उचलला गेला, त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला आणि सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याची वाट अडली. यातल्या 'ड्रेनेज'ला, म्हणजे नद्यांचं पाणी वाहून जाण्याच्या वाटांना, मी 'जलनिःसारण' लिहिलं. संपादक म्हणाले, महापालिकेचा वास येतो.

खडकवासलेकर: येणारच. पुण्यात ड्रेनेज म्हणजे तुंबलेलं चेंबर. सरळ 'निचरा' करा.

मुळाकाठ: निचरा वावराचा होतो हो. इथे अख्खी नदी अडलीय.

पदच्छेद: शाळेच्या भूगोलात 'जलप्रणाली' आहे. तयार शब्द सोडून ही खटपट कशाला?

बांधकरी: कारण तो परीक्षेबाहेर कुणी उच्चारत नाही. आमच्या वेल्ह्यात ओढा भरकटला की म्हातारी माणसं म्हणतात, "पाण्यानं वाट मोडली." तेच लिहा की.

पदच्छेद: शास्त्रीय लेखात 'वाट मोडली'? उद्या भूकंपाला 'हादरा बसला' म्हणाल.

बांधकरी: बसतोच. किल्लारीला काय बसलं होतं?

खडकवासलेकर: 'पाणउतार' कसा वाटतो? पाणी उतरतं तो. 'पाणउतारा' त्यावरूनच आला, पैज लावतो.

पदच्छेद: हराल. तिथलं पाणी म्हणजे तेज, अब्रू. मोत्याचं असतं ते.

मुळाकाठ: "भूकंपाने नदीचा पाणउतारा केला" असं छापून आलं तर माझाच होईल. बरं, आणखी एक. त्या उंचवट्याला लोकांनी नाव दिलं 'अल्ला बंद'. माणसांनी घातलेले बंद वेगळे, हा अल्लानं घातलेला. याला 'बंधारा' म्हणू?

बांधकरी: छे. बंधारा मुद्दाम घालतात, पाणी अडवायला. बांध म्हणा.

मुळाकाठ: पण दिसायला तो बांधासारखा नाही. दक्षिणेकडून चढ, उत्तरेकडे जमीन सावकाश उतरत जाते. १८२६च्या पुरात सिंधूच्या पाण्यानं तो कापला.

बांधकरी: मग बांधच! नदीनं बांध कोरला. तिला सात वर्षं लागली, आमचा शेजारी दोन पावसाळ्यांत कोरतो.

पदच्छेद: कोरणं चोरून चालतं, वीतवीत. पुरानं 'फोडला' म्हणायला हवं.

खडकवासलेकर: फोडतात ते धरण. बाय द वे, पेशवाईत आंबील ओढा वळवला, तेव्हाच्या कागदांत त्याला काय शब्द आहे? कुणी पाहिलंय?