मदत हवी आहे: डिझेलमध्ये बायोडिझेल की नुसतं तळणीचं तेल?

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने बी२० (२० टक्के बायोडिझेल मिसळलेलं) म्हणून घेतलेलं डिझेल तपासायला आणलंय. कॅनच्या तळाशी थिजल्या तुपासारखा थर!

एफटीआयआरवर (नमुना इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो ते मोजणारं यंत्र) १७४५ सेंमी⁻¹ जवळ एस्टरचा पीक (आलेखातला उंचवटा) झकास येतो, कॅलिब्रेशनही सरळ रेषेत बसलं. पण गोची अशी, की नुसतं तळणीचं तेल मिसळलं तरी पीक जवळपास तिथेच, कारण तेही एस्टरच. म्हणजे आकडा बी२० आणि फिल्टर चोंदलेला. मिथाइल एस्टरचा (म्हणजे खऱ्या बायोडिझेलचा) १४३५ वाला पीक डिझेलच्या १४६० च्या पोटात शिरतो. ११९५ वर भरवसा ठेवू का? पीएलएस मॉडेल (अनेक पीक एकत्र धरून प्रमाण काढणारं गणिती मॉडेल) कुणी बनवलंय? की निमूट जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणं) करू? (पार्टी खर्चाचं नाव काढत नाहीये.) नमुना घेऊन ठाण्यापर्यंत यायची तयारी आहे.