साथ सुरू असताना दुबईची सहल: जावे की पुढे ढकलावे?

करवीरवासी (४ डिसेंबर २०२१)
नमस्कार. डिसेंबरअखेरीस पत्नी व शाळकरी मुलासह दुबईचा एक्स्पो पाहण्याचा आमचा बेत ठरला असून आम्हा दोघांचे कोविशिल्डचे दोन्ही डोस झाले आहेत. मात्र २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने ओमिक्रॉनला चिंताजनक प्रकार म्हणून जाहीर केल्यापासून मन डळमळीत झाले आहे. घरी मधुमेही आई आहे. सहल कंपनी म्हणते, बिनधास्त जा. आपले मत कळवावे.

उजळाईवाडीकर
विमानात लागण होईल की नाही, याआधी चाचण्यांचे वेळापत्रक पाहावे. नमुना दिल्यापासून ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटीपीसीआर अहवाल लागतो आणि शिवाय मुंबई विमानतळावर उड्डाणापूर्वीच्या सहा तासांत रॅपिड पीसीआर करावी लागते. कोल्हापुरात नमुना देऊन, अहवालाची वाट पाहून, मग रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई गाठायची म्हटल्यास त्यातले बरेच तास इथेच सरतात. आणि विमानतळावर तिघांपैकी एकजण पॉझिटिव्ह निघाला, तर त्याला कोल्हापूरला आणणार कसे? पुन्हा ट्रॅव्हल्समध्येच बसवणार का? हे कंपनीला जरूर विचारा. परतीसाठीही ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल एअर सुविधा पोर्टलवर चढवावा लागतो. तो पॉझिटिव्ह आला तर तिथला मुक्काम लांबलाच. विमा घेताना कोविडवरील उपचार आणि विलगीकरणातला हॉटेलखर्च ही दोन कलमे वेगवेगळी वाचावीत, कारण एजंट बहुधा पहिलेच दाखवतो.

रंकाळाकाठ
एवढे घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. संयुक्त अरब अमिरातीचे नाव केंद्राच्या जोखमीच्या देशांच्या यादीत नाही. दिवाळीत महाद्वार रोडवर मास्क हनुवटीवर ठेवून खरेदी करणाऱ्यांनी परदेशप्रवासाला नाक मुरडावे, याचे मला नवल वाटते.

शाहूपुरी
महाद्वार रोडबाबत आपले म्हणणे रास्त आहे, पण एका गर्दीत गेलो म्हणून दुसरीतही जावे असे होत नाही. यंदा जूनमध्ये राज्यभर दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूरचा बाधितांचा दर मात्र चढाच होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लसीमुळे आजार सौम्य राहील, पण संसर्ग घरापर्यंत येणारच नाही याची हमी लस देत नाही; त्यामुळे निर्णय आईंच्या बाजूने व्हावा. परतल्यावर आठवडाभर तुम्हा तिघांना वेगळे राहण्यासारखी जागा नसेल, तर जाऊ नये. १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे सुरू करण्याचा निर्णयही सरकारने स्थगित केला आहे, म्हणजे नियम केव्हाही बदलू शकतात. एक्स्पो ३१ मार्चपर्यंत आहे, घाई कशासाठी?

करवीरवासी
सर्वांचे आभार. आमचे घर दोन खोल्यांचे, त्यामुळे वेगळे राहणे शक्य नाही. कंपनीने मार्चची तारीख द्यायची तयारी दाखवली आहे. विमानभाड्यातला फरक मात्र आम्हालाच भरावा लागेल. तो भरून तारीख बदलून घेत आहोत.