खांदा दोनदा निखळला, वाटीची कड मोडली: तुकडा बसवावा की लाटार्जे?

दंडबैठक:
२२ वर्षांचा कुस्तीगीर. खांदा दोनदा पुढे निखळला, दुसऱ्यांदा तीन आठवड्यांपूर्वी. एक्स-रेमध्ये वाटीची (दंडाच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो ती खांद्याची खोबण) पुढची-खालची कड तुटलेली दिसते आणि दंडाच्या गोळ्यावर मागच्या बाजूला खोक (हिल-सॅक्स) आहे. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीतून शिवू, दुसरे म्हणतात थेट लाटार्जे (खांद्याच्या पुढच्या हाडाचा तुकडा कापून वाटीच्या कडेला बसवायचं ऑपरेशन). ठरवायचं कशावर?

क्षकिरण:
एक्स-रेवर हे ठरत नाही. थ्री-डी सीटी करा आणि गोळा वगळून वाटीचं समोरून दिसणारं चित्र मागा. वाटीच्या खालच्या भागावर बरोब्बर बसणारं वर्तुळ काढतात. त्याच्या व्यासापैकी किती मिलिमीटर कड गेली, तेवढी झीज. ती व्यासाच्या २० ते २५ टक्क्यांच्या पुढे गेली की नुसती शिवण टिकत नाही, आणि १३.५ टक्क्यांच्या वर गेली की अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात तिच्यावर विसंबणं अवघड.
खोक मोजताना लोक हमखास चुकतात. फक्त खड्ड्याची रुंदी घेऊ नका. स्नायूंचे कंडरे हाडाला चिकटतात तिथपासून खड्ड्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचं, मधली हाडाची पट्टी धरून.

दंडबैठक:
सीटी आला. वर्तुळ २८ मिमी, कड ५ मिमी गेलेली, सुटलेला तुकडा मात्र ४ मिमी रुंद. खोक तुम्ही सांगितली तशी मोजून २० मिमी.

वाटीचमचा:
मग गणित स्वच्छ आहे. वाटीचा माग (हात हलताना वाटी गोळ्यावर जेवढ्या पट्ट्यात टेकते ती रुंदी) म्हणजे व्यासाच्या ८३ टक्क्यांतून झीज वजा: २३.२ उणे ५, म्हणजे १८.२. खोक २० ची, मागापेक्षा मोठी. हात वर करून बाहेर फिरवला की ती कडेत अडकणार.
पण तुकडा जागेवर जुळला तर झीज १ मिमीच उरते आणि माग २२.२ होतो. म्हणून आधी तुकडा वाचवा. सुटलेलं हाड महिन्यांमागून महिने विरघळत जातं, ते मागे सरकून चुकीच्या जागी चिकटतंही. थांबण्यात फायदा नाही.
दुर्बिणीतून तुकडा पूर्ण मोकळा करायचा, वाटीचा गळा (कडेलगतचं हाड) खरवडून ताजं हाड उघडायचं, आणि अँकरचे (हाडात रुतवायच्या छोट्या खुंटीचे) धागे तुकड्याच्या मागून-पुढून नेऊन तो दाबून बसवायचा. लेबरम (वाटीच्या कडेभोवतीची कुर्चेची गोट) तुकड्यालाच चिकटलेला असतो, तो सोडवू नका. एवढ्या अरुंद तुकड्यात स्क्रू घालाल तर तो फुटेल.

क्षकिरण:
सहमत, पण २.२ मिमीचं अंतर कुस्तीसाठी फारच थोडं. त्याच बैठकीत रेम्प्लिसाज करावं: मागचा इन्फ्रास्पायनेटस स्नायू खोकेत अँकरने शिवून ती भरून टाकायची. हात बाहेर फिरवण्याची थोडी क्षमता जाते, हे खेळाडूला आधीच सांगा.

हाडजोड:
मी लाटार्जेच्या बाजूचा. २२ वर्षं, कुस्ती, दोनदा निखळलेला. तुकडा जुळला नाही तर पुन्हा टेबलावर. लाटार्जेत कोरॅकॉइडचा (खांद्याच्या फऱ्याचं पुढे आलेलं टोक) तुकडा सबस्कॅप्युलॅरिस हा पुढचा स्नायू फाकवून वाटीच्या मध्यरेषेखाली दोन स्क्रूंनी बसतो, आणि त्याला जोडलेला कंडरा हात वर-बाहेर नेताना समोरून पट्ट्यासारखा ताणला जातो. मात्र जागा बिनचूक हवी. बाहेर आला तर गोळा त्यावर घासून सांधा झिजतो. फार आत गेला तर खांदा पुन्हा निखळतो. मस्क्युलोक्युटेनियस आणि ॲक्सिलरी या नसा शेजारीच असतात, आणि नंतर स्क्रूचा त्रासही होतो.

वाटीचमचा:
हाडजोड, तुमचा पर्याय कुठे पळत नाही. तुकडा फसला तर लाटार्जे करता येतंच. आधी लाटार्जे करून फसलं तर कोरॅकॉइड संपलेला असतो आणि कंबरेच्या हाडाचा वगैरे तुकडा शोधावा लागतो.
दंडबैठक, ऑपरेशनपूर्वी दोन गोष्टी नोंदवून घ्या: डेल्टॉइडवरच्या (खांद्याच्या बाहेरच्या स्नायूवरच्या) त्वचेची संवेदना (ॲक्सिलरी नस), आणि फिट येण्याचा इतिहास. फिट आटोक्यात नसतील तर कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही. चाळिशीपुढचा रुग्ण असता तर फाटलेला रोटेटर कफही (गोळ्याभोवतीच्या स्नायूंचे कंडरे) शोधावा लागला असता.

दंडबैठक:
आभार. फिजिओ कधीपासून?

क्षकिरण:
झोळी साधारण चार ते सहा आठवडे. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. हात वर करून बाहेर फिरवणं सर्जनने मुभा देईपर्यंत बंद. लाटार्जे केलं तर कोपर वजनाविरुद्ध वाकवणंही सहा आठवडे नाही, कारण तो कंडरा नव्या हाडालाच ओढतो. आखाड्यात जाण्याआधी सीटीवर हाड जुळल्याचं दिसलं पाहिजे. आणि तंबाखू बंद.