सेप्टिक टाकीचा शोषखड्डा पावसात तुंबतो म्हणून
तो आणखी खोल खणायचं तुमच्या मनात आहे, पण कृपा करून तसं करू नका. कोकणात सखल जागी जुलैत पाणी हातभरावर येतं. खोल खड्डा म्हणजे सांडपाणी थेट विहिरीच्या झऱ्यात! सेप्टिक टाक्यांचं भारतीय मानक आयएस २४७० हेही सांगतं, भूजल १८० सेंमीच्या आत असेल तर सांडपाणी मुरवायचा चर थोडा किंवा पूर्ण जमिनीच्या वर, भरावात घ्या.

भरावाआधी मूळ जमीन नुसती उकरून मोकळी करा. तिच्यावरून जेसीबी फिरला की माती दबते आणि पाणी भरावाच्या पायथ्याशी कडेनं फुटतं. वर धुतलेली वाळू, खडीत भोकांचे पाइप, मग माती, गवत. माड जवळ नको. टाकी भरावापेक्षा खाली असल्यानं पंप लागेलच. विहिरीपासून निदान २० मीटर सोडा, शेजाऱ्यांच्याही.