मदत हवी आहे : पायऱ्या चढत पद गाताना दम पुरत नाही

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आमच्या नव्या संगीत नाटकाच्या तालमी चालू आहेत. मी नायिका. गाणं बैठकीतलं, त्यामुळे मांडी घालून बसलं की काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) पद निवांत होतं. पण दिग्दर्शकांनी दुसऱ्या अंकात मला गात गात पायऱ्या चढायला आणि नायकाच्या हातातलं पत्र हिसकायला लावलंय. नेमकी तिथंच तार षड्जाची, म्हणजे वरच्या ‘सा’ची जागा! श्वास तुटतो, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येईपर्यंत आवाज पातळ होतो. वन्समोर मिळाला तर पुन्हा चढायचं, ही धास्ती वेगळीच.

पट्टी पांढरी पाचवर उतरवावी म्हटलं, तर पुढचं पद दोघांचं आहे. नायक काळी एकमध्ये गातो, त्याचा पंचम (‘प’) तोच माझा आत्ताचा षड्ज (‘सा’). ते गणितच मोडतं. शिवाय ऑर्गनवाले काका सूर भरून धरतात, पण एका सुरात लावलेला तबला प्रत्येक पदाला बदलायचा कसा?

1915 साली इथलं पॅलेस थिएटर (म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह) उभं राहिलं, तेव्हा माईक नव्हते. तरी नट शेवटच्या रांगेपर्यंत गायचे. त्या परंपरेत शिकलेलं कुणी कोल्हापुरात शिकवतं का? आणि हालचाल आधी बसवावी की पद आधी? दिग्दर्शकांना दुखावायचं नाहीये, माणूस चांगला आहे.