मदत हवी आहे: लूना मॉथ न्यू जर्सीत कुठे दिसेल?

रातवा: एडिसनहून दोनेक तासांत पोचता येईल अशा स्टेट पार्कात लूना मॉथ बघायचाय. (मोठा हिरवा पतंग, आपल्याकडच्या मून मॉथचा सख्खा भाऊबंद.) संध्याकाळी ट्रेल करून अंधार पडताना निघालो तर दिसेल का? टॉर्च कुठली न्यावी?

झाडपाला: अंधार पडताना निघालात तर जवळपास नाहीच. लूना मध्यरात्रीनंतर फिरतो आणि दिवसाच्या पाहुण्यांसाठी पार्क सूर्यास्तालाच बंद होतात. म्हणजे कॅम्पसाइट बुक करणं आलंच.

पार्कपेक्षा झाडं बघा. अळ्या हिकरी, अक्रोड, स्वीटगम, पर्सिमन, सुमॅक खातात. दक्षिणेला बेलप्लेन स्टेट फॉरेस्टमध्ये स्वीटगम भरपूर, उत्तरेला स्टोक्समध्ये हिकरी. नुसत्या पाइनच्या रानात हात हलवत परत याल.

टॉर्चने झाडं धुंडाळू नका, लूना तसा सापडत नाही. स्वच्छतागृहावरचा पांढरा दिवा गाठा. पिवळ्या एलईडीवर पतंग फारसे येत नाहीत. एकदा रात्री एकनंतर आणि पुन्हा उजाडण्याआधी भिंत, छताची खालची बाजू, जवळचं गवत तपासा. उशीर केलात तर पक्षी उरकून टाकतात आणि जमिनीवर नुसते हिरवे पंख उरतात.

रातवा: तारखा? आणि पांढरी चादर टांगून तिच्यावर दिव्याने पतंग बोलावले (लाइट ट्रॅप) तर?

कोश: मे अखेर ते जून, मग जुलै अखेर ते ऑगस्ट, तुमच्याकडे साधारण दोन पिढ्या होतात. अमावस्येच्या आसपासची, दमट, वारा नसलेली रात्र घ्या. पारा १५ अंशांखाली गेला तर झोपा.

चादरीसाठी पार्क ऑफिसला आधी विचारा. परवानगी मिळाली तर सुती पांढरी चादर, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही एलईडी आणि पॉवर बँक पुरे. एक-दोन तासांनी दिवा बंद करा. प्रौढ लूनाला खायला तोंडच नसतं, जेमतेम आठवडा जगतो. त्यातली अख्खी रात्र चादरीवर घालवायला लावू नये. पोट जाड आणि मिशा बारीक असतील तर मादी आहे, तिला मुळीच हलवू नका, अंडी घालायची असतात.

नाहीच दिसला तरी जागा वाईट ठरवू नका. झाडांची पानं फस्त करणारा जिप्सी मॉथ (आता स्पाँजी मॉथ म्हणतात) आवरायला १९०६ साली अमेरिकेत आणलेली कॉम्प्सिल्युरा माशी लूनाच्या अळ्याही आतून पोखरते.

झाडपाला: गवतात वाकणार असाल तर पँट मोज्यात खोचा, परतल्यावर अंगावर टिक्स (गोचिडी) तपासा. जून हा त्यांचाही हंगाम.