१५०० तासांबद्दल

अमेरिकेत विमान कंपनीत वैमानिक व्हायला उड्डाणाचे १५०० तास लागतात, म्हणून तिथले वैमानिक युरोपातल्यांपेक्षा कसलेले, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. २००९मध्ये कोलगन एअर या अमेरिकी कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर, २०१३मध्ये तो नियम लागू झाला. पण त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५००च्या वरच होते! व्यावसायिक परवाना (पैसे घेऊन विमान उडवण्याचा) तिथेही २५० तासांत मिळतो, पुढचे तास बरेच जण प्रशिक्षक होऊन भरतात. आडव्या वाऱ्यात शिकाऊ माणसाचं सेसना (छोटं प्रशिक्षण विमान) धावपट्टीवरून सरकायला लागलं की उजव्या खुर्चीतून क्षणात रडर (शेपटीवरचं दिशा वळवणारं सुकाणू) सावरायचं, हा अनुभव मोलाचाच. युरोपात मात्र १३ लेखी परीक्षा देऊन साधारण २०० तासांवर जेटचा सहवैमानिक होता येतं. आणि अमेरिकन परवाना घेऊन तिकडे गेलात, तर त्या १३ परीक्षा आहेतच.